कृष्णविवर न मानणारे घरमालक

मध्यंतरी कृष्णविवराचा पहिला फोटो सगळ्या पेपरांत आला. मधे काळं, भोवती नारिंगी कडं. आमच्या घरी चहाच्या वेळी त्याला कुणीतरी मेदूवडाही म्हणालं. मुलगी पुण्याहून सुट्टीला आलेली. पेपर माझ्यापुढे धरून म्हणाली, "बाबा, बघा, शेवटी सापडलं!" आणि ज्या वाक्याला मी अडीच वर्षं कंटाळलो होतो, नेमकं तेच माझ्या तोंडून बाहेर पडलं.

"सापडलं कशावरून? दुसरं काय काय असू शकतं?"

आतून बायको म्हणाली, "आले का घरमालक?"

घरमालक जाऊन कितीतरी वर्षं झाली. पण माणूस असा चिवट की माझ्या जिभेवरची खोली त्यांनी अजून रिकामी केलेली नाही.

लातूर नुकता जिल्हा झाला होता तेव्हाची गोष्ट. उस्मानाबादपासून वेगळं होऊन नवं ऑफिस थाटलं गेलं. टेबलं यायची होती, शिक्के यायचे होते, पाऊसही यायचा होता. मी इस्लापूरहून पत्र्याची ट्रंक आणि वळकटी घेऊन टंचाई शाखेत कारकून म्हणून रुजू झालो आणि दाल मिलच्या मागच्या गल्लीत खोली बघायला गेलो. दारात उघड्या अंगाने, गळ्यात लिंग, हातात पट्टी घेऊन एक गृहस्थ हौदातलं पाणी मोजत होते. शाळेतून रिटायर झालेले विज्ञानाचे सर.

"कशासाठी आलास?"

"नोकरी लागली सर. नवा जिल्हा झालाय ना."

"असं तू म्हणतोस. घरात भांडण झालं म्हणूनही माणूस येतो. आधीच्या मालकाने हाकललं म्हणूनही येतो. दुसरं काय काय असू शकतं?"

मी नेमणुकीचं पत्र काढून दिलं. त्यावर जुनाच शिक्का. सर पाच मिनिटं तो शिक्का बघत राहिले. "नोकरी लातूरची, शिक्का उस्मानाबादचा. म्हणजे या पत्राने काहीच सिद्ध होत नाही." शेवटी काकू बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "ठेव बाबा ट्रंक आत. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली, अजून मी बायको हाय हे यांनी मान्य केलेलं न्हाई. तपास चालू हाय."

सरांचं खरं वैर होतं कृष्णविवराशी. हे वैर कसं जडलं ते काकूंनाही सांगता येत नव्हतं. वाचनालयात एक इंग्रजी विज्ञान मासिक दोन महिने उशिरा यायचं, त्यातले तक्ते सर वहीत उतरवून घ्यायचे. आयुष्यात त्यांनी दुर्बिणीला डोळा लावलेला नव्हता. मी एकदा भीतभीत विचारलं, तर म्हणाले, "बघणारे बघतायत की. आकडे आलेत. मला त्यांच्या डोळ्यांबद्दल शंका नाही, तोंडाबद्दल आहे."

संध्याकाळी मी ऑफिसातून आलो की चप्पल काढायच्या आत सुरुवात. "हंस तारकासमूहात एक तारा आहे. तो कशाभोवती तरी फिरतो, पण ते कशाभोवती ते दिसत नाही. आता समज, एक बाई रस्त्याने चालली आहे एका अंगाला झुकून. काखेतली घागर तुला दिसत नाही, पण झुकण्यावरून घागरीचं वजन काढता येईल की नाही?"

"येईल."

"तसं त्यांनी काढलं. वजन इतकं निघालं की त्या वजनाचा विझलेला तारा स्वतःला सावरूच शकत नाही, आत कोसळतो. झालं, लगेच म्हणाले कृष्णविवर! अरे, एका घागरीच्या जागी दोन कळशा असल्या तर? दोन मंद तारे त्या मोठ्याच्या उजेडात दडलेले असले तर? आपल्याला अजून माहीत नसलेल्या कुठल्या घट्ट पदार्थाचा गोळा असला तर? एकेक तपासून बाद करा, मग म्हणा विवर."

"मग कसं तपासायचं?" असं मी एकदा विचारलं. त्याची शिक्षा पुढची अडीच वर्षं भोगली.

"पृष्ठभाग आहे का ते बघायचं. वायू आत ओढला जातोय ना? खाली कठीण पृष्ठभाग असेल तर तो वायू त्याच्यावर साचणार, तापणार आणि एक दिवस एकदम भडकणार. क्ष-किरणांचा भडका. असे भडके उडणारे गोळे सापडलेत. विवर असेल तर आत गेलेलं गप्प. म्हणून बघत बसायचं. एक भडका दिसला की विवर खोटं."

"आणि नाही दिसला तर?"

"तर अजून बघायचं."

या विषयावर ते बंगळूरच्या एका संस्थेला पोस्टकार्डं टाकत. पोस्टकार्ड हे सरांचं शस्त्र होतं. नगरपालिका, एसटी, रेडिओ, कुणी सुटलं नव्हतं. संस्थेकडून एकदाच उत्तर आलं, चार ओळींचं. आपला प्रश्न योग्य आहे, त्यावर काम चालू आहे, आभार. दुसऱ्या कुणी ते चौकटीत लावून भिंतीला टांगलं असतं. सरांनी उलट टपाली विचारलं, "काम चालू आहे कशावरून?"

अशा माणसाला मी माझ्या लग्नाच्या बोलणीला बरोबर नेलं. माझीच अक्कल. जळकोटच्या बाजूचं गाव, मुलगी दहावी झालेली, घर शेतकऱ्याचं, माणसं सरळ. माझे वडील इस्लापूरहून आले होते, पण लातूरकडचं कुणी वडीलधारं असावं म्हणून सर. मुलीचे काका म्हणाले, "पोरगी लई शांत हाय." सर म्हणाले, "शांत आहे, की आज शांत आहे? पाहुणे आले म्हणून असेल. घसा बसला असेल. दुसरं काय—" आणि पदराआड ती मुलगी फस्सकन हसली. त्या हसण्यावर मी फिदा झालो. माझ्या संसाराचं श्रेय त्या माणसाला द्यावं लागतं याचा मला आजही राग येतो.

पण त्या बैठकीत खरा घोळ मी घातला. सासऱ्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि संकोचून म्हणाले, "आमच्याकडं यंदा पाण्याची लई तंगी. टँकरवर गाव हाय." माझ्यात काय संचारलं कोण जाणे! "आमच्याकडे पाण्याला काही कमी नाही," मी म्हणालो. "सहस्रकुंडचा धबधबा शेजारीच. रात्रंदिवस आवाज. गोठ्यातली गुरंसुद्धा दोन वेळा अंघोळ करतात." वडील माझ्याकडे बघतच राहिले. कारण त्या साली धबधब्याच्या जागी नुसता काळा खडक उघडा पडला होता आणि आमच्या घरी आंघोळ वारावर होती. पण वरपक्षाचा बाप असल्या बाबतीत पोराला खोटं पाडत नाही. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. सुपारी फुटली.

दीड महिन्याने, लग्नाला बारा दिवस राहिले असताना, ऑफिसात एक अर्ज माझ्या टेबलावर आला. शेजारच्या गावाचा. त्यांचं म्हणणं, अमुक गावच्या विहिरीत रोज टँकर रिकामा करतात, ती विहीर पाणी गिळते. पूर्वी टँकरचं पाणी दुसऱ्या सकाळपर्यंत पुरायचं, आता दुपारी तळ दिसतो. विहिरीला भेग आहे. पाणी वाया जातं, तरी तो टँकर आम्हाला द्यावा. अमुक गाव म्हणजे माझी होऊ घातलेली सासुरवाडी. साहेबांना ते ठाऊक नव्हतं. मीही सांगितलं नाही. साहेब म्हणाले, "जाऊन बघा. गळती असेल तर टँकर तिकडे हलवू. यांनी जाऊन आणावं तिथून पाणी, कोसभरच आहे."

कोसभर. डोक्यावर घागर घेऊन, मे महिन्यात. त्या बायकांत माझी होणारी बायको.

मी ठरवलं होतं, जायचं, चहा प्यायचा, 'विहीर सुस्थितीत' लिहायचं आणि परत यायचं. पण आदल्या दिवशी काकूंना सांगताना सरांनी ऐकलं. त्यांचे डोळे असे चमकले की मी एसटीचे पैसे दोन तिकिटांचे काढून ठेवले.

"गिळते? कोण म्हणतं गिळते?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने आम्ही निघालो. सरांच्या पिशवीत गाठी मारलेला दोर, त्याच्या टोकाला दगड, वही, आणि काकूंनी दिलेल्या दशम्या.

विहिरीवर पोहोचलो तेव्हा टँकर लागलेला. पाणी पडायच्या आधी सरांनी दोर सोडला, पडल्यावर परत सोडला, वहीत आकडेमोड केली आणि जाहीर केलं, "टँकर पूर्ण भरलेला होता. एक शक्यता बाद." ड्रायव्हर बिचारा बिडी ओढत होता. आपण आरोपी होतो आणि सुटलो, हे त्याला कळलंच नाही.

मग सरांनी बायकांना सांगितलं, "आता दोन तास कुणी पाणी काढायचं नाही."

"कामून?" मुलीची चुलती कमरेवर हात ठेवून पुढे आली. "काय बघलालाव मास्तर विहिरीत?"

"विहिरीत नाही बघत. पाणी कुठं जातं ते बघतोय. भेग असेल तर तुम्ही काढा न काढा, पाणी खाली जाणारच. तुम्ही न काढता ते जागेवर राहिलं, तर भेग नाही."

"आनि माझ्या चुलीवर ठेवायचं काय, तुमचा दोर?"

बायका हसल्या. मी मेल्याहून मेला होऊन बाभळीखाली उभा. होणारा जावई सासुरवाडीच्या विहिरीवर चौकशी घेऊन आलाय, हे अख्खं गाव बघत होतं. तेवढ्यात ती मुलगी पुढे आली. माझ्याकडे न बघता चुलतीला म्हणाली, "काकू, दोन तास जाऊ द्या. भेग निघाली तर टँकर जाईल. न्हाई निघाली तर तोंडं बंद होतील." आणि स्वतःची घागर उपडी करून तिच्यावर बसली.

दोन तास सर कठड्यावर बसून बायकांना हंसातल्या ताऱ्याबद्दल सांगत होते. चुलती म्हणाली, "म्हंजी तिथं बी टँकर जातो म्हणा की." सर म्हणाले, "अगदी बरोबर. तिथंही शेजारचे म्हणतायत, गिळतं." शाळेत तीस वर्षांत इतकी लक्ष देऊन ऐकणारी माणसं त्यांना मिळाली नसावीत. दोन तासांनी दोर सोडला. बोटभरही उतार नाही. भेग बाद.

मला वाटलं, सुटलो. "चला सर, एसटी आहे."

"थांब. पाणी लोकच काढतायत हे ठरलं. पण काढून जातं कुठं?"

त्यांनी दुपारपर्यंत घागरी मोजल्या. दर घरामागे तीन-चार जास्तीच्या निघाल्या. मग मला भर उन्हात गल्लीगल्लीतून हिंडवलं. मोऱ्या बघितल्या, दोऱ्या बघितल्या, उंबरे बघितले. सगळ्या मोऱ्या कोरड्या. धुणं वाळत घातलेलं नाही. एकाही दारात सडा नाही. सर मारुतीच्या पारावर बसले आणि त्यांचा आवाज चक्क कापायला लागला.

"अरे, पाणी वापरलं तर खूण राहते. ओल राहते. हे पाणी घरात जातं आणि बाहेर एक थेंब येत नाही. भडका नाही, काही नाही. नुसतं आत जातं!" मग एकदम हळू आवाजात, "मला वाटतं, मी पहिल्यांदाच—"

"सर, पाया पडतो, गावात कृष्णविवर आहे असं रिपोर्टात लिहिता येत नाही."

"मग दुसरं काय काय असू शकतं? शोध!"

शोधायची गरज पडली नाही. ती मुलगीच वडिलांना घेऊन पाराशी आली. सासरे खाली मान घालून उभे राहिले. बोलली तीच.

"घराघरात रांजण भरून ठेवलेत. झाकणं मातीनं लिंपलीत. लग्नापतोर कुणी फोडायचं न्हाई असं गावानं ठरवलंय. पोटाला कमी घ्यायचं, पण भरायचं."

"कशाला?" मी म्हणालो.

पहिल्यांदाच तिने सरळ माझ्याकडे बघितलं. "धबधब्याच्या गावचं वऱ्हाड येणार. तुमची गुरंसुद्धा दोनदा आंघोळ करतात. माणसांना प्यायला कमी पडलं तर गावाची इज्जत जाईल म्हणून."

मला वाटलं, आता जमीन फाटावी. पण सरांनी नुकतंच सिद्ध केलं होतं की त्या गावात भेग नाही.

 सर माझ्याकडे बघत राहिले, ताऱ्याकडे बघावं तसे. शेवटी मीच सांगितलं. धबधबा कोरडा आहे. खडक उघडा पडलाय. आमच्याकडेही टँकरच येतो, आणि गुरं तर वडिलांनी मामाच्या गावी पाठवलीत. सासऱ्यांनी डोक्याचा रुमाल काढला, परत बांधला. "मग आदीच सांगायचं की हो जावईबापू," एवढंच म्हणाले. ते जावईबापू म्हणाले यावरून लग्न मोडलं नाही असा मी निष्कर्ष काढला. सर म्हणाले, सवयीनेही म्हणाले असतील.

परतीच्या एसटीत आमचं भांडण झालं. मी म्हणालो, 'विहीर सुस्थितीत' एवढंच लिहीन. सर म्हणाले, "पाणी कुठं गेलं ते लिही. कारण लिही. नाही लिहिलंस तर मी तुझ्या साहेबांना पोस्टकार्ड टाकीन."

"सर, माझी नोकरी जाईल!"

"उद्या पुन्हा कुणी अर्ज केला, विहीर गिळते म्हणून, तर काय दाखवशील? अर्धं निरीक्षण लपवलेलं चालत नाही. त्यांच्या टँकरचा प्रश्न आहे. तुझ्या अब्रूचा नाही."

पोस्टकार्डाच्या भीतीने मी सगळं लिहिलं. टँकर पूर्ण. गळती नाही. पाणी गावात साठवलेले आहे. कारण, वरपक्षाने केलेली अतिशयोक्ती. साहेबांनी दोनदा वाचलं. चष्मा काढला.

"हा वरपक्ष कोण?"

"मी, साहेब."

त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. खांदे हलत होते, त्यावरून हसत असावेत. मग त्यांनी निर्णय दिला. गावाने साठवलेलं पाणी आधी वापरावं, ते संपेपर्यंतच्या खेपा अर्ज करणाऱ्या शेजारच्या गावाला, नंतर टँकर जिथे होता तिथे कायम. मला म्हणाले, "पुढच्या वेळी धबधब्याबद्दल बोलताना हंगाम सांगत जा."

रांजण फुटले. सरांच्या हिशेबाने ते पाणी चार दिवस पुरायला हवं होतं. बायका तिसऱ्या संध्याकाळीच टँकर मागायला लागल्या. झालं. सर परत एसटी धरून त्या गावी! मी हात जोडले, काकूंनी डबा द्यायचं नाकारलं, तरी गेले. तिथे सासऱ्यांसमोर वही उघडून म्हणाले, "तुमच्या घरात अजून रांजण आहेत." सासरे म्हणाले, "हायेत, मास्तर. वऱ्हाडाला प्यायला. तेवढं तरी राहू द्या." सर वही मिटून परत आले. काय झालं ते मला सांगितलंसुद्धा नाही. मला हे पुढे बायकोकडून कळलं.

लग्नाला आम्ही अकराच माणसं गेलो. मी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, तिकडे पाणी मागायचं नाही, दिलं तर नको म्हणायचं. माझ्या तोंडाने घातलेला घोळ मला निदान अकरा ग्लासांनी तरी निस्तरायचा होता. मांडवात बसलो. ऊन असं की टोपीतून वाफ निघावी. सासरे स्वतः परात घेऊन आले. परातीत घासून लखलखीत केलेले ग्लास, काठोकाठ भरलेले.

"नको, आत्ताच प्यालो," मोठा भाऊ म्हणाला.

"तहान न्हाई," मामा म्हणाले. त्यांचे ओठ चिकटलेले होते.

आत्या नको म्हणाली. वडिलांनी मान हलवली. सासरे एकेकापुढे वाकत होते आणि प्रत्येक नकारासरशी त्यांचा चेहरा उतरत होता. परात जड झाल्यासारखे ते चालू लागले. कितीतरी दिवस पोटाला कमी घेऊन राखलेलं पाणी, आणि पाहुण्यांपैकी एकालाही ते नको होतं. मला तेव्हा कळलं की मी दुसऱ्यांदा तेच केलंय.

रांगेत शेवटी सर होते. मी त्यांनाही बजावलं होतं. त्यांनी ग्लास उचलला, डोकं मागे टाकून एका दमात रिकामा केला आणि परातीत ठेवला.

"आणखी एक."

मी त्यांचा पाय दाबला. ते मोठ्याने म्हणाले, "पाय काय दाबतोस? तहान लागलीय." दुसरा प्यायले. पाणी हनुवटीवरून गळ्यातल्या लिंगावर ओघळलं. "गार आहे," म्हणाले. "वाळा घातलाय का?"

"घातलाय! घातलाय हो मास्तर," सासरे म्हणाले. मी त्यांचा तसा चेहरा नंतर फक्त नातवाच्या बारशाला बघितला. "पोरीनं घातलाय."

"मग तिसरा द्या."

आणि तेव्हा माझे वडील, ज्यांनी मघाशी मान हलवली होती, खाकरले, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "इकडंबी एक येऊ द्या, व्याही."